दुर्बीण हातात घेताना: बेळगाव भागातल्या नव्या डॉक्टरांसाठी अ‍ॅडव्हान्स एंडोस्कोपी शिकायची वाट

एकच प्रश्न मला सारखा येतो, फोनवर येतो, कॉन्फरन्सच्या जेवणाच्या रांगेत येतो, कधी ओपीडीच्या दारात उभं राहून कोणीतरी विचारतं, की मॅडम ईआरसीपी शिकायची आहे, कुठलं वर्कशॉप करू? ईआरसीपी म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनळीतला अडथळा काढायचं काम. विचारणारे सगळे हुशार असतात, कोणी एमडी मेडिसिन झालेले, कोणी एमएस करून गॅस्ट्रोकडं वळलेले, कोणी डीएमच्या पहिल्या वर्षात. मी त्यांना एवढंच विचारते की रात्री दोन वाजता खानापूरकडनं रक्ताच्या उलट्या करणारा माणूस आला तर बँडर, म्हणजे फुगलेल्या शिरांना रबरी बँड मारायचं साधन, एकट्यानं लोड करायला येतो का? बरेच जण गप्प होतात. म्हणून हे लिहायला घेतलं. मला हे सगळं कोणी एका जागी बसवून सांगितलं नव्हतं, तुकड्यातुकड्यांनी शिकले, आणि काही तुकडे पेशंटच्या त्रासातनं शिकले हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

सुरुवातीलाच एक स्पष्ट बोलते. पूर्ण ट्रेनिंगचा रस्ता म्हणजे नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देऊन डीएम किंवा डीआरएनबी गॅस्ट्रो, नाहीतर सर्जिकल गॅस्ट्रोचं एमसीएच, तीन वर्षं, आणि त्यानंतर मोठ्या सेंटरला फेलोशिप. वर्कशॉप हा त्याला पर्याय नव्हे. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणाऱ्या फिजिशियननं किंवा सर्जननं साधी गॅस्ट्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं जठर बघणं, आणि रक्तस्त्राव थांबवणं शिकावं असं मला मनापासून वाटतं, पण ईआरसीपी, ईयूएस (दुर्बिणीच्या टोकावरनं सोनोग्राफी), पोएम (अन्ननलिकेचा स्नायू आतनं कापणं) या गोष्टी ज्यांना रोजच्या रोज करायच्या आहेत त्यांनीच हातात घ्याव्यात. महिन्याला एखादी ईआरसीपी करणारा हात कधी बसत नाही, हे मी कितीतरी ठिकाणी बघितलंय.

आधी ठरवा, आपल्याकडं येतंय काय

बेळगाव शहरात केएलईचं मोठं हॉस्पिटल आहे, सरकारी बिम्स आहे, प्रायव्हेटमध्येही चांगलं काम चालतंय. पण अथणी, रायबाग, चिकोडी, निपाणी, हुक्केरी, खानापूरकडची माणसं कुठं जातात हे तुम्हाला माहीत आहेच, कोणी कोल्हापूर, कोणी हुबळी, आणि जुन्या घरांत अजून एकच शब्द निघतो, मिरजेला नेऊया. डॉक्टर वॉनलेसनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासूनची ही सवय आहे, तीन-चार पिढ्यांची. यात वाईट काही नाही, पण रक्ताची उलटी होणाऱ्या माणसाला गाडीत घालून दोन-अडीच तास नेणं हे वेगळं.

आता आपल्या ओपीडीत काय येतंय ते आठवा. दारूनं लिव्हर गेलेले, अन्ननलिकेच्या शिरा फुगलेले. निपाणी पट्ट्यात तंबाखू, घराघरात मिश्री, आणि त्यावर दारूही असेल तर अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका वाढतोच, मग घास अडकायला लागला की दोन-तीन महिने अंगावर काढून येतात. पित्ताच्या नळीत खडे अडकलेले, कावीळ म्हणून गावठी औषध घेऊन पंधरा-वीस दिवस घालवलेले, आणि थंडी वाजून ताप भरला की मग पळापळ. अ‍ॅसिड नाहीतर शेतातलं औषध प्यायलेली तरणी पोरं. कवळी गिळलेली आज्जी, नाणं गिळलेलं पोर.

ही यादी समोर ठेवली की शिकायचा क्रम आपोआप लागतो. आधी रक्त थांबवणं, मग अडकलेली वस्तू काढणं आणि अरुंद झालेली नळी रुंद करणं, मग पॉलिप (आतल्या अस्तरावरची गाठ) काढणं, मग ईआरसीपी, मग बाकीचं. वर्कशॉपच्या पोस्टरवर हा क्रम बरोबर उलटा असतो, सगळ्यात वर मोठ्या अक्षरात पोएम.

पहिली पायरी: धुण्याच्या खोलीत दोन आठवडे

हे वाचून नाक मुरडू नका. स्कोप, म्हणजे दुर्बीण, हातात घेण्याआधी दोन आठवडे रोज एक तास स्कोप धुणाऱ्या मामांच्या नाहीतर सिस्टरच्या बाजूला उभं राहा आणि स्वतः धुवा. स्कोप पेशंटमधनं बाहेर आला की तिथंच पुसायचा आणि एन्झाईमचं पाणी सक्शन करायचं, वाळू द्यायचा नाही. मग लीक टेस्ट, मग प्रत्येक चॅनेलमधनं ब्रश, पलीकडनं स्वच्छ बाहेर येईपर्यंत, मग एन्झाईममध्ये भिजवणं, धुणं, मग २ टक्के ग्लुटरल्डिहाइडमध्ये २० मिनिटं किंवा ऑर्थो-थॅलाल्डिहाइड वापरत असाल तर त्याच्या कंपनीनं सांगितलेला वेळ, पुन्हा भरपूर धुणं, आणि आतून हवा मारून कोरडा करणं. कपाटात गुंडाळून नव्हे, उभा लटकवून ठेवायचा. सोल्यूशनची ताकद रोज स्ट्रिपनं बघायची, बादलीवर तारीख लिहून काम संपत नाही.

ड्युओडेनोस्कोपला, म्हणजे ईआरसीपीच्या स्कोपला, टोकाला एलिव्हेटर असतो, ती बारकी खुंटी, तिच्या मागं घाण अडकते आणि साध्या ब्रशनं निघत नाही. २०१५ च्या आसपास अमेरिकेत याच जागेतनं कार्बापेनेमसारख्या तगड्या अँटिबायोटिकलाही दाद न देणारे जंतू एका पेशंटमधनं दुसऱ्यात गेले आणि माणसं दगावली, त्यानंतर टोकाची कॅप निघणारे स्कोप यायला लागले. जो डॉक्टर ही खुंटी स्वतः घासून बघत नाही त्यानं ईआरसीपी करू नये, इतकं सरळ माझं मत आहे.

दुसरी पायरी: असिस्ट करा, मन लावून

किमान दोन-तीन महिने. फोरसेप उघडा-मिटा, स्नेअर (तारेचा फास) किती जोरानं आवळायचा, इंजेक्शनच्या सुईतली हवा आधी काढली का, क्लिप फिरवताना वायर ताणलेली आहे का सैल, हे सगळं असिस्टंटच्या बोटांना कळतं, स्क्रीनकडं बघून कळत नाही. ईआरसीपीत तर निम्मं काम गाईडवायर धरणाऱ्याचं. स्फिंक्टरोटोम (पित्तनळीचं तोंड कापायचं साधन) बाहेर काढताना वायर जागेवर ठेवायची, डॉक्टर जितकी ओढतोय तितकीच आत ढकलायची, एक सेंटिमीटर इकडंतिकडं झालं की अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात. आमच्याकडं जे जुने टेक्निशियन अण्णा होते त्यांनी मला हे शिकवलं, कुठल्या प्रोफेसरनं नव्हे. त्यांना मान देऊन विचारा, ती माणसं भरभरून सांगतात.

खोलीतली सामानाची कपाटं पाठ करा. कुठल्या ड्रॉवरमध्ये काय, किती नग शिल्लक, कुठली वायर ०.०२५ इंचाची आणि कुठली ०.०३५ ची, कुठलं सामान कुठल्या चॅनेलमधनं जाईल. साध्या गॅस्ट्रोस्कोपचं चॅनेल २.८ मिलिमीटर असतं, थेरप्युटिकचं ३.७ किंवा ३.८, ड्युओडेनोस्कोपचं ४.२. रक्त भरलेल्या पोटात २.८ च्या चॅनेलनं सक्शन करत बसलं की गुठळ्या अडकून सगळं बंद पडतं, मग स्कोप बदलायला धावाधाव, त्यापेक्षा आधीच मोठ्या चॅनेलचा स्कोप लावलेला बरा.

तिसरी पायरी: साधी तपासणी पक्की

डाव्या हातात कंट्रोल, अंगठा मोठ्या चाकावर, पहिलं बोट सक्शनच्या आणि हवा-पाण्याच्या बटणावर, उजवा हात नळीवर. बहुतेक नवे लोक चाकं फार फिरवतात आणि मनगट फिरवत नाहीत. उलटं करायचं असतं, मोठं चाक वर-खाली करायचं आणि बाकीची दिशा नळीला पीळ देऊन, म्हणजे टॉर्क देऊन. घरी झोपण्याआधी दहा मिनिटं जुना, बाद झालेला स्कोप मिळाला तर त्याच्यावर एका हातानं दोन्ही चाकं फिरवायचा सराव करा, अंगठा दुखतो, दुखू दे.

गॅस्ट्रोस्कोपीत समोरच्या दातापासून साधारण ४० सेंटिमीटरवर अन्ननलिका आणि जठर जिथं मिळतात ती जागा येते, हे आकडे रिपोर्टात लिहायची सवय लावा. आणि फोटो काढा, ठरलेल्या जागांचे, दरवेळी त्याच क्रमानं. फंडस, म्हणजे जठराचा वरचा घुमट, बघायला स्कोप वळवल्याशिवाय बाहेर यायचं नाही, गॅस्ट्रिक व्हेरिसेस, म्हणजे जठरातल्या फुगलेल्या शिरा, तिथंच लपतात.

कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची तपासणी, ही वेगळी शाळा. मी शिकत होते तेव्हा डाव्या वळणापाशी, स्प्लिनिक फ्लेक्शरला, जोर लावून पुढं ढकलत होते आणि चिकोडीकडचे एक काका टेबलावर ओरडायला लागले, मागनं सर म्हणाले, ढकलतीस कशाला, ओढ मागं. ओढलं, उजवीकडं पीळ दिला, आणि स्कोप आपोआप पुढं सरकला. तेवढ्यात मला लूप म्हणजे काय ते कळलं, पुस्तकातल्या चार चित्रांनी कळलं नव्हतं. स्कोप सरळ असेल तर स्प्लिनिक फ्लेक्शर साधारण ५० सेंटिमीटरवर आणि सिकम (मोठ्या आतड्याचं सुरुवातीचं टोक) ७० ते ८० वर येतो, ११०-१२० सेंटिमीटर आत गेलाय आणि तरी सिकम दिसत नाही म्हणजे आत वेटोळं झालंय, ढकलू नका. पेशंटला कुशी बदलायला लावा, सिस्टरला पोटावर हात ठेवायला सांगा, हवा कमी करा, पाणी घाला. कार्बन डायऑक्साइड असेल तर तोच वापरा, नंतर पोट फुगून दुखत नाही.

हात बसला का नाही हे कशावरनं कळणार? सिकमपर्यंत १०० पैकी किमान ९० वेळा पोचायला पाहिजे. बाहेर येताना घाई नको, आधी ६ मिनिटं म्हणायचे, आता ८ मिनिटं द्या म्हणतात, आणि ते पोट साफ असेल तरच. पोट साफ करायचं पेगचं औषध दोन हप्त्यांत द्यायचं, अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं सकाळी, आणि लांबच्या गावातल्या पेशंटला सकाळचा हप्ता एसटीत बसून कसा घ्यायचा हा खरा प्रश्न असतो, म्हणून त्यांना दुपारची वेळ द्या नाहीतर आदल्या दिवशी ॲडमिट करा. ही बारकी गोष्ट वाटते, पण अर्ध्या बिघडलेल्या कोलोनोस्कोपी याच्यामुळंच बिघडतात.

अमेरिकन एंडोस्कोपी सोसायटीनं आकडे दिलेत, १३० गॅस्ट्रोस्कोपी, २७५ कोलोनोस्कोपी, २०० ईआरसीपी, २२५ ईयूएस, आणि हे आकडे झाले म्हणजे तुम्ही तयार असं नव्हे, एवढं झाल्यावर मग तुमची परीक्षा घ्यायला हरकत नाही असा त्याचा अर्थ. आपल्याकडं कोणी कोणी दोन दिवसांच्या सर्टिफिकेटवर बोर्ड लावतंय, ते बघितलं की काळजी वाटते.

भाषेचंही इथंच सांगते. आपल्याकडं एका सकाळी पाच पेशंट असले तर दोन मराठी, दोन कन्नड, एक उर्दू. स्कोप घशाशी असताना 'गिळा' म्हणायचं का 'नुंगरी' हे फाईलवरच्या नावाकडं बघून ठरवू नका, टेबलावर घेण्याआधी दोन वाक्यं बोला आणि कुठल्या भाषेत उत्तर येतंय ते बघा. घाबरलेला माणूस आपल्या आईच्याच भाषेत ऐकतो. संमतीचा कागद दोन्ही भाषांत ठेवा आणि वाचून दाखवा, नुसता अंगठा घेऊ नका.

चौथी पायरी: मॉडेलवर हात

पेशंटवर पहिला बँड मारण्याआधी दहा बँड मॉडेलवर मारलेले असावेत. डुकराचं जठर माणसाच्या जठरासारखं एका पिशवीचं असतं, म्हणून जगभर तेच वापरतात. बकऱ्याचं, मेंढ्याचं मिळायला सोपं पण ते रवंथ करणाऱ्या जनावराचं, चार कप्प्यांचं, आपल्या कामाचं नाही. अन्ननलिकेसकट काढून आणलेलं जठर स्वच्छ धुवून, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये दोऱ्यानं बांधायचं, अन्ननलिकेच्या तोंडाला नळी लावायची. जर्मनीत एर्लांगेनला अशाच मॉडेलची पद्धत बसवली, त्यात जठराच्या भिंतीत रक्तवाहिनी शिवून मागनं लाल पाणी पंपानं सोडतात, म्हणजे खरोखर रक्त उडतंय असं दिसतं आणि तुम्हाला ते क्लिपनं नाहीतर सुईनं थांबवायचं असतं. मोठी सिरिंज आणि बारकी नळी घेऊन हे आपल्याकडंही जमतं, फार खर्च नाही. स्फिंक्टरोटॉमीच्या, म्हणजे पित्तनळीचं तोंड कापायच्या, सरावाला कोंबडीचं हृदय वापरून पॅपिला, म्हणजे ते तोंड, तयार करतात, तेही चांगलं.

ज्यांना डुकराच्या अवयवाला हात लावायचा नाही त्यांच्यासाठी सिलिकॉनचे मॉडेल आणि कॉम्प्युटर सिम्युलेटर आहेत, कोणाला भरीस घालू नका. आणि एक नियम मोडायचा नाही: जनावराच्या अवयवावर वापरलेला स्कोप पुन्हा माणसात कधीच जाणार नाही. त्यावर लाल टेप गुंडाळा, वेगळ्या खोलीत ठेवा.

पाचवी पायरी: रक्त थांबवणं

हा या लेखाचा गाभा आहे, इथं जरा थांबते.

एका हॉस्पिटलमध्ये मी नवीन असताना रात्री एक पेशंट आला, तिशीतला, दारूचा, बेसिनभर रक्त ओकलेला. सामान होतं, स्कोप होता, मी होते. बँडर उघडला आणि दोरा चॅनेलमधनं ओढायचाच राहिला, आधी टोपण बसवलं, मग लक्षात आलं, मग काढलं, मग पुन्हा. दहा मिनिटं गेली. बरोबरच्या सिस्टरनंही तो सेट आयुष्यात पहिल्यांदाच बघितला होता. माणूस वाचला, पण ती दहा मिनिटं मी कधी विसरले नाही. दुसऱ्याच दिवशी वापरलेला एक सेट धुवून घेतला आणि आम्ही दोघींनी तो वीस वेळा लावला आणि काढला, शेवटी डोळे मिटून. तुम्हीही हेच करा, आणि सिस्टरला बरोबर घेऊन करा, कारण रात्री तुम्ही दोघंच असणार.

स्कोप घालायच्या आधीचं काम जास्त जीव वाचवतं. दोन मोठ्या शिरेच्या लाईन, रक्त, पण हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर आणि ७ ते ८ पर्यंतच आणायचं, व्हेरिसेसमध्ये जास्त रक्त चढवलं की दाब वाढून पुन्हा फुटतं. २०१३ मध्ये बार्सिलोनाच्या अभ्यासानं हे दाखवून दिलं, तरी अजून लोक दहापर्यंत चढवतात. हृदयाचा आजार असेल तर मर्यादा थोडी वर ठेवायची. व्हेरिसेसचा संशय असेल तर शिरांमधला दाब उतरवणारं टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड लगेच, आणि सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅम, अँटिबायोटिक विसरू नका. पेशंट गुंगीत असेल, ओकत असेल तर आधी श्वासनलिकेत ट्यूब. मग स्कोप, व्हेरिसेसचा असेल तर १२ तासांच्या आत, अल्सरचा असेल तर २४ तासांच्या आत, पण प्रेशर सावरल्यावर. कोसळलेल्या माणसात घाईनं दुर्बीण घालण्यात शौर्य नाही.

बँड मारताना खालनं सुरुवात, अन्ननलिका आणि जठर मिळतात तिथनं, आणि गोल गोल वर यायचं. शीर सक्शननं आत ओढायची, पूर्ण स्क्रीन लाल होईपर्यंत थांबायचं, मग बँड सोडायचा, अर्धवट ओढलेल्या शिरेवरचा बँड निसटतो. सहाच्या आसपास बँड पुरतात. फंडसमधल्या शिरांवर मात्र बँड चालत नाही, तिथं सायनोअ‍ॅक्रिलेट ग्लू. ग्लूच्या वेळी खोलीतल्या सगळ्यांनी चष्मे लावायचे, पेशंटच्या डोळ्यांवरही पट्टी, सुई आधी डिस्टिल्ड वॉटरनं भरायची, शिरेत ग्लू गेला की मागनं पुन्हा तेवढंच पाणी जेवढं सुईत मावतं, सुई बाहेर काढायची आणि वीस सेकंद सक्शनला हात लावायचा नाही. लावला तर ग्लू चॅनेलमध्ये चिकटतो आणि काही लाखांचा स्कोप जातो.

अल्सरमध्ये फॉरेस्ट वर्गीकरण, म्हणजे अल्सर कसा दिसतो त्यावरनं रक्तस्त्रावाचा धोका ठरवणं, पाठ पाहिजे, १९७४ चं आहे पण अजून चालतंय. उडणारं आणि झिरपणारं रक्त, आणि उघडी दिसणारी शीर, यांना उपचार करायचाच. स्वच्छ तळाच्या अल्सरला हात लावू नका, गोळ्या द्या आणि घरी पाठवा. १:१०,००० अ‍ॅड्रेनालिन भोवती टोचलं की रक्त थांबल्यासारखं दिसतं आणि नवा डॉक्टर खूश होऊन बाहेर येतो. नुसत्या अ‍ॅड्रेनालिनवर सोडायचं नाही, सोबत क्लिप किंवा उष्णतेचा प्रोब हवाच. पहाटे पुन्हा रक्त येतं ते बहुतेक अशाच पेशंटला.

वर्कशॉप निवडताना

फोन करून तीनच गोष्टी विचारा. एका स्टेशनवर किती जण, माझ्या हातात स्कोप किती मिनिटं, आणि शिकवणारा माझ्या शेजारी उभा राहणार का स्टेजवर. एका मॉडेलमागं चारपेक्षा जास्त जण असतील तर ते बघायचं वर्कशॉप, करायचं नव्हे. लाइव्ह डेमो बघायला छान वाटतं, पण त्यातनं निवडलेली सोपी नाहीतर दिखाऊ केस दिसते. त्यापेक्षा एखाद्या मोठ्या सेंटरला महिनाभर जाऊन राहा, हैदराबादला नागेश्वर रेड्डी सरांचं एआयजी आहे, मुंबई-पुण्यात चांगली युनिट आहेत, रोज पंधरा-वीस केस डोळ्यांसमोरनं जातात आणि संध्याकाळी वॉर्डात त्याच पेशंटचं पुढं काय झालं ते कळतं. हे पुढं काय झालं ते डेमोत कधी कळत नाही.

सहावी पायरी: ईआरसीपी

१९६८ मध्ये पहिल्यांदा दुर्बिणीनं पॅपिलात नळी घातली, १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमध्ये जवळजवळ एकाच वेळी स्फिंक्टरोटॉमी झाली. त्याआधी पित्तनळीतल्या खड्याला पोट फाडण्यावाचून इलाज नव्हता. कावीळ झालेला, तापानं फणफणलेला म्हातारा दुसऱ्या दिवशी उठून चहा मागतो, हे बघितलं की या कामाचं वेड लागतं, मला लागलं.

पण हेच काम चांगल्या माणसाला पॅनक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची सूज, देऊन मारूही शकतं. म्हणून पहिला धडा, कोणाची करायची नाही. नुसती सोनोग्राफीत नळी जरा मोठी दिसली, बिलिरुबिन नॉर्मल, पेशंट तरुण बाई, पोटात अधूनमधून दुखतंय, अशा पेशंटला आधी एमआरसीपी (एमआरआयनं पित्तनळीचा फोटो) किंवा ईयूएस. निदानासाठी ईआरसीपी करायचे दिवस गेले. उलट थंडी-ताप, कावीळ, उजव्या बरगडीखाली दुखणं तिन्ही आहे आणि बीपी पडतंय, तर वेळ घालवू नका.

ड्युओडेनोस्कोप बाजूला बघतो, समोर नाही, त्यामुळं पहिले काही दिवस डोकं गोंधळतं. पायलोरसपाशी, जठराच्या खालच्या तोंडाशी, मावळत्या सूर्यासारखं अर्धं भोक दिसतं, ते स्क्रीनच्या खाली जाऊ द्यायचं आणि मग आत. ड्युओडेनमच्या (लहान आतड्याची सुरुवात) दुसऱ्या भागात पोचल्यावर उजवीकडं वळवून मागं ओढायचं, स्कोप आखूड होऊन पॅपिला समोर येतो. पित्तनळी ११ वाजताच्या दिशेला, पॅनक्रियाची १ ते २ च्या. वायरनं हळूच, कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारं औषध) आधी मारू नका.

आता महत्त्वाचं, थांबायचं कधी. ५ वेळा पॅपिलाला लागूनही आत गेलं नाही, किंवा ५ मिनिटं झाली, किंवा वायर एकदापेक्षा जास्त वेळा पॅनक्रियात गेली, की ती अवघड केस. शिकणाऱ्यानं इथं स्कोप सरांच्या हातात द्यायचा. हट्ट नाही. पॅपिलावर सूज येते ती आपल्या हट्टानं येते, आणि नंतर सरांनाही जमत नाही. वायर पॅनक्रियात गेलीच तर तिथं ५ फ्रेंचचा स्टेंट ठेवायचा विचार करा. प्रत्येक पेशंटला, अ‍ॅलर्जी नसेल आणि किडनी ठीक असेल तर, गुदद्वारातनं १०० मिलिग्रॅम डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथॅसिन, स्वस्त सपोझिटरी आहे आणि पॅनक्रियाटायटिस कमी करते. ती फ्रिजमध्ये आहे का हे सकाळी बघा, केस सुरू झाल्यावर मेडिकलला पळू नका.

रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर कापायच्या कामाआधी ५ ते ७ दिवस थांबवायची, पण हृदयातला स्टेंट नवा असेल तर कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय एक गोळीही बंद करायची नाही. तातडीचं असेल तर न कापता नुसता स्टेंट घालून पित्त वाहतं करा, खडे नंतर काढता येतात. नवीन डॉक्टरला एकाच दिवशी सगळं संपवायचं असतं, खडे काढून फोटो काढायचा असतो. आजारी माणसाला फोटो नको असतो, वाट मोकळी हवी असते.

सी-आर्मची, म्हणजे एक्स-रे मशीनची, काळजी घ्या, लेड एप्रन, थायरॉइड कॉलर, लेडचा चष्मा, आणि किरणं मोजणारा टीएलडी बॅज एप्रनच्या आत छातीवर, कपाटात नव्हे. अणुऊर्जा नियामक मंडळाची (एईआरबी) मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. पाय पेडलवरनं काढायची सवय लावा, बघत नसाल तेव्हा एक्स-रे चालू कशाला. गरोदर सिस्टर खोलीत नाहीत ना हे रोज विचारायचं, त्या आपणहून सांगायला लाजतात.

ईयूएस, ईएसडी, पोएम

यावर थोडकंच. ईयूएससाठी आधी पोटाची सोनोग्राफी आणि सीटी स्वतः वाचायला शिका, नाहीतर स्क्रीनवर नुसतं करडं ढग दिसतं. ईएसडी, म्हणजे आतल्या अस्तरावरची गाठ अखंड सोलून काढणं, जपानी लोकांनी घडवली, पोएम इनोऊ यांनी २००८ मध्ये पहिल्यांदा केली, दोन्ही सुंदर कामं आहेत, अकलेशियाचा (अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट उघडत नाही असा आजार) पेशंट वर्षानुवर्षं न गिळता आलेला घास पोएमनंतर गिळतो तेव्हा त्याच्याबरोबर बायकोच्याही डोळ्यात पाणी येतं. पण बेळगाव भागातल्या नव्या डॉक्टरनं पहिल्या तीन वर्षांत यात शिरू नये असं माझं ठाम मत आहे. पेशंट ओळखा, नीट तपासा, आणि जिथं रोज होतं तिथं पाठवा, सोबत फाईल आणि फोन.

केस झाल्यावर

लॉगबुक रोज रात्री भरा, नुसता आकडा नको, कुठं अडकलं, कोणी सोडवलं, दुसऱ्या दिवशी पेशंट कसा होता. स्वतःच्या हातानं पूर्ण झालेली केस वेगळ्या पेननं लिहा, असिस्ट केलेली वेगळ्या. खोटं लिहिलं तर फसतो तो पुढचा पेशंट.

ईआरसीपी झालेल्या, मोठा पॉलिप काढलेल्या, अन्ननलिका रुंद केलेल्या पेशंटला त्याच दिवशी अथणी नाहीतर खानापूरच्या गाडीत बसवू नका. पॅनक्रियाटायटिस बहुतेक पहिल्या काही तासांत कळतो, पॉलिपचं रक्त मात्र आठ-दहा दिवसांनीसुद्धा येतं, आणि भोक पडलंय हे पोट फुगून, गळ्यापाशी कातडीखाली हवा जाऊन कळतं, ते बघायला डोळे हवेत. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक कार्डावरचा पेशंट असेल तर एक रात्र ठेवायचं ॲडमिशनच्या वेळीच कागदावर घाला, नंतर घालायला गेलं की अडतं.

डिस्चार्जच्या कागदावर मी मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून देते: पोटात वाढत जाणारं दुखणं, काळी शौच, थंडी-ताप, उलटीत रक्त, यातलं काहीही झालं तर वाट बघायची नाही, लगेच फोन. खाली युनिटचा मोबाईल नंबर, लँडलाइन नको, रात्री कोणी उचलत नाही. कागद पेशंटच्या नव्हे, सोबत आलेल्या सुनेच्या नाहीतर पोराच्या हातात द्यायचा आणि त्यांच्या फोनमध्ये नंबर आपल्यासमोर सेव्ह करायला लावायचा, नाव काय घातलं तेही बघायचं. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास, शेतातनं माणसं घरी आलेली असतात तेव्हा, आपणच एक फोन करायचा.